वड सगळ्यात शेवटी

पुणे, १८ मे

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी रागवून घ्या, मग पुढचं वाचा. येत्या रविवारी माळीदादा दोन माणसं घेऊन येतायत. गच्चीवरच्या तुमच्या बोन्सायच्या सगळ्या कुंड्या खाली अंगणात उतरवणार आहेत. पैसे देऊन झालेत, त्यामुळे 'बघू पुढच्या महिन्यात' चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, एकदाच तर घेरी आली. आईवर चिडू नका, तिनं चुगली केलेली नाही. व्हिडिओ कॉलवर कोपर मलाच दिसलं. मे महिन्यात झाडांना दोनदा पाणी, म्हणजे भरलेली झारी घेऊन दोनदा एकवीस पायऱ्या. मोठ्या काकांच्या वेळी आपण सगळेच 'बघू' म्हणत बसलो होतो.

अंगणात ऊन पुरणार नाही, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. मागच्या खेपेला मी मुद्दाम बसून पाहिलं. तुळशीपासून हौदापर्यंत सकाळी साडेसात ते बारा चांगलं ऊन असतं. वडा-उंबराला तेवढ्यात भागेल. पानं थोडी मोठी येतील, तेवढं चालवून घ्या. चिंच आणि बोगनवेल हावरट, त्यांना दिवसभर ऊन लागतं, म्हणून ती दोन मी पुण्याला नेते. नेते म्हणजे सांभाळायला हं. दर रविवारी फोटो पाठवीन, तुम्हाला विचारल्याशिवाय कात्री लावणार नाही.

वड तुमच्यापाशीच. पंचवटीतल्या वाड्याच्या पन्हाळीतून तो उपटलात तेव्हा मी तुमचा शर्ट घट्ट धरून उभी होते. सातवीत मी त्याला वळण द्यायला तार गुंडाळली आणि पावसाळाभर विसरले. श्रावणात खोड फुगलं, तार सालीत रुतली. मी रडत होते आणि तुम्ही एकेक वेढा कापून काढत होतात. "उलगडायची नाही चिऊ, फांदी मोडते." ते वळ अजून आहेत. मागच्या वेळी बोट फिरवून पाहिलं.

आता बसून करायचं काम. सोमेश्वरला गोदेच्या पात्रात सापडलेला तो काळा दगड (तुम्हाला त्यात रामशेज किल्ला दिसतो, आईला पुरणाचा गोळा), त्याची बैठक अर्धीच राहिलीय. सागवानाची फळी कपाटाच्या मधल्या खणात आहे, पटाशीला धार लावून ठेवलीय. दगडाला छिन्नी लावायची नाही, लाकडानंच दगडाच्या मापाचं व्हायचं, हे जपानी सुइसेकीचं, म्हणजे निसर्गानं घडवलेला दगड तसाच मांडायच्या कलेचं, तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलंत. तळाला ओलं कुंकू लावून टेकवायचा, लाल उमटेल तेवढंच कोरायचं, पुन्हा टेकवायचा. एका खळग्याला चार दिवस लागू देत. आई, देवघरातल्या कुंकवाची काळजी करू नकोस, वेगळी डबी पाठवलीय.

बाबा, गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही. चष्म्याशिवाय पटाशीला हात लावायचा नाही. फळी शिकंज्यात धरा, मांडीवर नाही. आई, कूलरमध्ये पाणी बाबांना भरू देऊ नकोस. वडाची माती पाऊस लागल्यावर बदलू. मुळं तुम्ही कापा, कुंडी मी उचलीन.

रविवारी पारिजातकाखाली खुर्ची टाकून बसा. कुठली कुंडी कुठे ठेवायची, ते तुम्हीच सांगणार, माळीदादांशी तसंच बोललेय. वड सगळ्यात शेवटी उतरवा म्हटलंय. पहाटेच गाडी काढतेय, तोवर पोचते.

तुमची,
चिऊ