मेंदूच्या अरुंद रक्तवाहिनीला गोळ्यांची शिस्त

संपादक महाशय,

गेल्या माघात पंचवटीतल्या आमच्या घरी चहा घेताना वडिलांच्या उजव्या हातातून बशी निसटली, तोंड किंचित वाकडे झाले आणि बोलणे बोबडे झाले. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाल्याने 'वारं लागलं असेल' म्हणून तेल कोमटही करायला ठेवले होते. शेजारच्या नर्सबाईंनी हट्ट धरला म्हणूनच आम्ही रुग्णालय गाठले. तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी चरबीच्या थरांनी बरीच अरुंद झाल्याचे दिसले. मेंदूचा असा ओझरता झटका ही पक्षाघाताच्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असते आणि पहिल्या दोन दिवसांत धोका सर्वाधिक असतो, हे तेव्हा कळले.

'हृदयात बसवतात तसा मेंदूतही स्टेंट बसवून टाका, पैशाचं आम्ही बघतो,' असा नातेवाइकांचा आग्रह सुरू झाला (स्टेंट म्हणजे अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी), पण मेंदूविकारतज्ज्ञांनी तो शांतपणे बाजूला ठेवला. या रक्तवाहिन्यांना फुटणारे बारीक फाटे मेंदूच्या आतल्या भागाला रक्त पुरवतात आणि स्टेंट बसवताना ते बुजू शकतात, शिवाय रक्तस्रावाचीही भीती असते. अमेरिकेत ७० ते ९९ टक्के अरुंद रक्तवाहिनी असलेल्या ४५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्टेंट बसवलेल्यांपैकी १४.७ टक्क्यांना तीस दिवसांत झटका वा मृत्यू आला, तर केवळ कसून औषधोपचार केलेल्यांत हे प्रमाण ५.८ टक्के होते. त्यामुळे नवे रुग्ण घेणेच थांबवावे लागले. (मानेतील रक्तवाहिनीचा प्रश्न वेगळा, तिथे शस्त्रक्रिया किंवा स्टेंट अनेकांना उपयोगी पडतो.) आशियाई लोकांत मेंदूच्या आतील रक्तवाहिन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा अधिक असल्याने हे आपल्याला विशेष ठाऊक हवे.

वडिलांना सुरुवातीचे तीन महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, नंतर त्यांपैकी एक कायमची, जोडीला कोलेस्टेरॉलची आणि बीपीची गोळी, आणि तंबाखू पूर्ण बंद असा उपचार आहे. अडचण आली ती इथेच. एका सरकारी दवाखान्यात दोनदा आठवड्यापुरत्याच गोळ्या मिळाल्या, आणि दुसऱ्या खेपेस वडिलांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून चार दिवस त्या घेतल्याच नाहीत. ते चार दिवस निभावले, हे आमचे नशीब.

झटका येऊन गेलेल्या रुग्णांना या गोळ्या महिनाभराच्या एकदम मिळाव्यात आणि चिठ्ठीवर 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये' असे ठळक मराठीत लिहिलेले असावे, एवढी नाशिक महापालिकेच्या व जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक