टाकीत हात घालण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फिशटँकचा फोटो दुकानात मोठा करून पाहिला. पीव्हीसी पाइप उभा चिरून त्यात एलईडीची पट्टी बसवायची युक्ती मला सुचली नसती. पट्टी 12 व्होल्टची आहे, अॅडॉप्टर टाकीपासून लांब भिंतीवर आहे, तेव्हा त्याची काळजी नाही. काळजी आहे कोपऱ्यातल्या त्या काचेच्या नळीची. परीक्षानळीत वाळू, वाळूत नायक्रोमची तापणारी तार, तोंडाला एमसील. मनू, तो हीटर आजच्या आज काढ. एमसील गरम-गार होऊन काचेपासून सुटतं. पाणी बदलताना नळी उघडी पडली की भलतीच तापते, मग गार पाण्याचा शिपका बसला की तडकते. मग थेट 230 व्होल्ट पाण्यात. मासे मात्र बरेचदा पोहतच राहतात. काच आणि लाकडी टेबल, करंटला जमिनीकडे जायला वाटच नाही. फरशीवर अनवाणी उभी राहून तू बोट बुडवलंस की ती वाट तयार होते.

फोनवर म्हणालीस, ‘बाबा, मी बटण बंद करूनच हात घालते.’ तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट सांगतो, आईलाही ठाऊक नाही. रिवाइंडिंग केलेली पाणबुडी मोटर मी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात सोडून बघायचो. एकदा बटण बंद केलं आणि दोरी सोडवायला हात घातला. असा झटका बसला की मागच्या रॅकवर जाऊन आदळलो. टेस्टिंगचा तो बोर्ड मीच घाईत जोडलेला. बटण फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर बसलं होतं. मोटर थांबली, पण फेज पाण्यातच होती. तुझ्या एक्स्टेंशन बोर्डाचा तर दोन पिनांचा प्लग, उलटा बसला की बोर्डावरचं बटण न्यूट्रलवर येतं आणि पंप तरीही चालतो. म्हणून बटणावर विसंबायचं नाही. पिन सॉकेटमधून बाहेर काढायची, ती डोळ्यांना दिसली पाहिजे.

एमसीबी आहे ना, असं म्हणू नकोस. एमसीबी जादा करंट झाला की लाइन तोडतो, पण वायर जळू नये म्हणून असतो. ओल्या शरीराचा रेझिस्टन्स हजार ओहम धरलास तर 230 व्होल्टला 230 मिलीअँपिअर होतात. 16 अँपिअरच्या एमसीबीला हे जाणवतसुद्धा नाही, आणि माणसाला तर 30 मिलीअँपिअरच्या पुढे जिवाचा धोका. तिथे आरसीसीबीच लागतो, 30 मिलीअँपिअरचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला नाही की तो क्षणात तोडतो. झटका बसतो, पण सुटका होते. फेज आणि न्यूट्रल दोन्हीत एकदम सापडलीस तर मात्र त्यालाही कळत नाही. त्याच्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबायचं, आरसीसीबी लाइन तोडून खाली पडला पाहिजे.

अजून एक. हवेचा पंप तू टेबलाखाली ठेवलायस. लाइट गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं उतरून पंपात शिरतं आणि लाइट आली की ओल्या पंपातच करंट. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांग आणि नळीत नॉनरिटर्न वाल्व घाल, चिमूटभर वस्तू आहे. एक्स्टेंशन बोर्डही जमिनीवरून उचल. वायर सॉकेटला सरळ उतरती नेऊ नकोस. आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर ने, म्हणजे ओघळ झोळावरून फरशीवर टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

दोन फुटी टाकी म्हणजे साधारण 55 लिटर. तयार, थर्मोस्टॅटवाला हीटर घे, 50 वॉटचा पुरेल, पैसे मी देतो. नायक्रोमची हौस दुकानात येऊन भागव, इथे कोरडी जागा भरपूर आहे. शनिवारी आरसीसीबी घेऊन येतो. मेन बोर्ड उघडायचा म्हणजे घरमालकांना आधी विचारून ठेव. तोवर पाणी बदलायची वेळ आलीच, तर सगळ्या पिना काढून टेबलावर मांड, मला फोटो पाठव, मग हात घाल.

तुझे,
बाबा