जुने वर्कस्टेशन रिकामे बसूनच जास्त वीज खाते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुने वर्कस्टेशन (जड कामांसाठीचा ताकदवान संगणक) फार वीज खाते, ते काढा आणि नवे घ्या, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. ते वीज खाते हे खरे. पण नेमके कुठे खाते, हे कोणी मोजत नाही. २००९ ते २०१३च्या सुमाराची, एक किंवा दोन झिऑन (इंटेलच्या) प्रोसेसरची कितीतरी यंत्रे आजही कॅड (संगणकावरचे आरेखन), रेंडरिंग (आराखड्यावरून चित्र तयार करणे), फाइल साठवण अशा कामांना जुंपलेली आहेत. त्यांची खरी गळती भरपूर काम करताना नसते. ती असते काहीच काम नसताना, पडद्यावर नुसता डेस्कटॉप दिसत असताना.

हिशेब करून पाहा. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे अखंड चालणारा एकेक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. रिकामे असताना १२० वॅट ओढणारे यंत्र चोवीस तास चालू ठेवले, तर वर्षाला १,०५१ युनिट होतात. याच यंत्रावर आठवड्यातून दोन तास रेंडरिंग केले आणि तेव्हा ते ३५० वॅटवर गेले, तरी वर्षभरात त्यामुळे वाढणारी युनिट जेमतेम २४. लोक मात्र प्रोसेसरच्या खोक्यावरचा १३० वॅटचा आकडा पाहून धसका घेतात.

म्हणून आधी प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर लावावा. सेन्सर वाचणारी सॉफ्टवेअर चिपपुरता अंदाज देतात. एसएमपीएसमधला (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यातला) तोटा, पंखे, डिस्क त्यात येत नाहीत. यंत्र बंद पण प्लग चालू, यंत्र रिकामे आणि यंत्र पूर्ण भारावर, अशी तीन मापे घ्यावीत. रिकामे माप यंत्र सुरू केल्याकेल्या घेऊ नये. अपडेट, इंडेक्सिंग वगैरे आटोपायला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. मीटरवर वॅट वाचावेत, व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, हा आकडा प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त दिसू शकतो) नव्हे. आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे, नाहीतर कशाने काय वाचले ते कळत नाही.

पहिला इलाज फुकटचा आहे, तो म्हणजे बायोस (यंत्र सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची मूळ सेटिंग). प्रोसेसरला काम नसताना त्याचे कोअर (आतले गणना करणारे भाग) सी-१ई, सी-३, सी-६ अशा क्रमाने अधिकाधिक गाढ झोपतात. सी-६मध्ये कोअरचा वीजपुरवठा जवळजवळ तोडलेलाच असतो. बऱ्याच जुन्या बोर्डांवर या सोयी मुळातच बंद असतात किंवा कोणीतरी ‘परफॉर्मन्स’ निवडून त्या बंद केलेल्या असतात. त्यात आणखी एक गोम आहे. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली की प्लग काढताक्षणी सगळे सेटिंग मूळपदावर जाते. घड्याळ मागे पडत असेल तर आधी ती बॅटरी बदला आणि मग सी-स्टेट (वर सांगितलेल्या झोपेच्या पायऱ्या) व स्पीडस्टेप (काम कमी असताना प्रोसेसरचा वेग उतरवणारी सोय) चालू करा. विंडोजमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ प्लॅन असेल तर ‘बॅलन्स्ड’ करा. प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के दिसली तर ती ५ टक्क्यांवर आणा.

एवढे करूनही आकडा हलला नाही, तर कोणीतरी प्रोसेसरला झोपू देत नाही असे समजावे. लिनक्सवर पॉवरटॉप हा वीज तपासणारा प्रोग्रॅम चालवला की पूर्ण चिप किती टक्के वेळ कोणत्या अवस्थेत होती ते दिसते. सी-६च्या रांगेत शून्याच्या आसपास आकडा असेल, तर बहुधा एखादे जुने रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र हाताळणारे कार्ड), टीव्ही ट्यूनर किंवा सतत विचारणा करणारे यूएसबी उपकरण आड येत असते. एकेक कार्ड काढून मोजणे हाच खात्रीचा मार्ग. रेड कार्ड स्वतः सात-आठ वॅट खाते, वर प्रोसेसरलाही जागे ठेवते, म्हणजे नुकसान दुहेरी. एक अपवाद सांगायला हवा. थेट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना सी-६मुळे आवाजात तडतड ऐकू येऊ शकते, कारण कोअर जागा व्हायला वेळ लागतो. त्यांनी तेवढीच पायरी बंद ठेवावी.

ग्राफिक्स कार्डाकडे दुर्लक्ष होते. २०१०च्या आसपासची २०० वॅट वर्गातली कार्डे नुसता डेस्कटॉप दाखवायलाही तीस-चाळीस वॅट घेतात. रेंडरिंग प्रोसेसरवरच होत असेल, तर वेगळी पॉवर केबल न लागणारे, ३०–४० वॅट वर्गातले छोटे कार्ड पुरते. कार्ड बदलण्याआधी मात्र मॉनिटर पाहा. दोन मॉनिटरचे रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट वेगळे असतील, तर अनेक कार्डांच्या मेमरीचा वेग खाली येतच नाही. दोन्ही ६० हर्ट्झवर आणून मीटर पाहावा. कित्येकदा तेवढ्यानेच वीसेक वॅट उतरतात. मॉनिटर जुन्या सीसीएफएल (एलईडीऐवजी बारीक दिव्याच्या नळ्यांच्या) बॅकलाइटचा असेल, तर त्याचाही आकडा वेगळा मोजा.

दुसरा प्रोसेसर लागत नसेल तर काढता येतो. पण त्याला जोडलेले रॅमचे स्लॉट आणि काही बोर्डांवर विस्तार कार्डांचे स्लॉटही त्याच्याबरोबर मुके होतात. म्हणून आधी बोर्डाचा आराखडा पाहा, रॅम पहिल्या प्रोसेसरकडे हलवा आणि मगच हात घाला. रिकाम्या सॉकेटवर प्लास्टिकचे झाकण लावायला विसरू नका, त्यातल्या पिना बोट लागले तरी वाकतात. रॅमही गरजेपुरतीच ठेवा. कमी क्षमतेच्या आठ पट्ट्यांपेक्षा जास्त क्षमतेच्या चार पट्ट्या बऱ्या, फक्त प्रत्येक चॅनेलमध्ये (प्रोसेसर आणि रॅममधल्या प्रत्येक मार्गावर) एक तरी असावी. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत राहायला पाच ते आठ वॅट घेते. सिस्टिम एसएसडीवर घ्या आणि साठवणीच्या डिस्क वीस-तीस मिनिटांनी थांबू द्या. पाच मिनिटांची मुदत घालून डिस्क दिवसभर चालू-बंद करणे तिच्या तब्येतीला बरे नाही. रेड कार्डामागच्या डिस्क तर थांबवूच नयेत. जागी व्हायला उशीर झाला की काही कार्डे डिस्क निकामी झाली असे धरून ती बाहेर काढतात.

एसएमपीएस बदलण्याची घाई नको. १,००० वॅटच्या पुरवठ्यावर ८० वॅटचा भार म्हणजे ८ टक्के, आणि ‘८० प्लस’च्या (एसएमपीएसच्या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या) साध्या प्रतीची चाचणी २० टक्के भाराच्या खाली होतच नाही. तिथे कार्यक्षमता बरीच घसरते, हे खरे. पण ब्रँडेड वर्कस्टेशनचे कनेक्टर पुष्कळदा बाजारातल्या नेहमीच्या एसएमपीएससारखे फक्त दिसतात, आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. चुकीचा लावला तर बोर्ड जळतो. त्यापेक्षा धूळ काढा, हीटसिंकखालची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालची) वाळलेली पेस्ट बदला. यंत्र थंड राहिले की पंखे हळू फिरतात. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग दोन तृतीयांशावर आला की वीज एक तृतीयांशाहूनही कमी लागते.

सगळ्यात मोठी बचत झोपवण्यात आहे. एस-३ झोपेत (रॅम तेवढी चालू, बाकी जवळजवळ सगळे बंद) असे यंत्र बहुधा दहा वॅटच्या आतच राहते. ते झोपतच नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा ‘रिक्वेस्ट्स’ पर्याय चालवा, कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर अडवतो आहे त्याचे नाव समोर येते. दुरून काम करणाऱ्यांनी वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून यंत्र जागे करण्याची सोय) चालू ठेवावे. मग बायोसमधला ‘ईआरपी’ पर्याय मात्र बंद हवा. तो चालू असला की बंद यंत्राची वीज एक वॅटच्या खाली येते खरी, पण नेटवर्क कार्डही मरते आणि यंत्र हाकेला ओ देत नाही.

एका प्रकारच्या यंत्रापुढे मात्र आम्ही हात टेकतो. २००६ ते २००८च्या सुमाराच्या, एफबी-डिम रॅमच्या वर्कस्टेशनमध्ये प्रत्येक पट्टीवर एक वेगळी बफर चिप असते आणि एकेक पट्टी दहा वॅटच्या आसपास खाते. आठ पट्ट्या म्हणजे ८० वॅट, तेही यंत्र रिकामे असताना. बायोसमधल्या कोणत्याच सेटिंगने हे कमी होत नाही. पट्ट्या कमी कराव्यात तर कामाला रॅम पुरत नाही. असे यंत्र चोवीस तास चालत असेल, तर डिस्क काढून छोट्या मिनी पीसीला जोडाव्यात आणि जुने यंत्र फक्त लागेल तेव्हा सुरू करावे.

आपले,
संगणक देखभाल क्षेत्रातील वाचक