सायरन वाजला तेव्हा

संपादक महोदय,
मी अकोल्याची, सध्या लेकीकडे अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मनला आहे. इथे टोर्नेडोचा, म्हणजे जमिनीला टेकलेल्या वाऱ्याच्या प्रचंड भोवऱ्याचा, इशारा देणारे सायरन आहेत. शनिवारी दुपारी १२ वाजता सायरनची चाचणी असते. परवा तो रात्री वाजला आणि पोटात गोळाच आला. इथे हवामान खात्याचे इशारे दोन. ‘वॉच’ म्हणजे टोर्नेडोला पोषक हवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो रडारवर किंवा डोळ्यांना दिसलाय, लपा! नातवाला सायकलचं हेल्मेट घालून बिनखिडकीच्या न्हाणीघरात पाऊण तास बसलो. (तो झोपलाही!) शेजारच्या मूर गावात २० मे २०१३ रोजी टोर्नेडोत २४ माणसं गेली, ते आठवत होतं.
आपल्याकडे वळिवाच्या विजांची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप आहे. पण शेतात राबणाऱ्या बाईकडे फोन कुठे असतो? गावाच्या भोंग्यावरून ती सूचना का देऊ नये?
– एक निवृत्त शिक्षिका