व्हिडिओ थांबवणारे कोणीतरी हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांत वेळापत्रके लागण्याचे हे दिवस आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षे पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवले. निवृत्त होऊन चार वर्षे झाली. गेल्या वर्षी शेजारची मुलगी रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. ती तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या महाविद्यालयाच्या फलकावर सूचना लागली होती की प्रत्येकाने ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा एक कोर्स करावा, त्याचे क्रेडिट (पदवीसाठी लागणारे श्रेयांक) धरले जातील. कोर्स कसा निवडायचा, अडले तर कोणाला विचारायचे, याबद्दल एक ओळही नव्हती. तिने सर्किटचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला आणि तिसऱ्या आठवड्यातच ती अडकली. “काकू, सगळे व्हिडिओ दोन-दोनदा बघितले, तरी असाइनमेंट येत नाही,” म्हणाली.

शनिवारी दुपारी आम्ही माझ्या घरी तो व्हिडिओ लावला. आठेक मिनिटांनी मी तो थांबवला आणि तिची वही मागितली. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले होते की इंडक्टरमध्ये, म्हणजे सर्किटमधल्या तारेच्या वेटोळ्यात, करंट व्होल्टेजच्या ९० अंश मागे असतो. मी विचारले, “मागे असतो म्हणजे काय गं? व्होल्टेज अगदी शिगेला असते तेव्हा करंट किती असतो?” तिने लगेच सांगितले, “तोही सगळ्यात जास्त.” तीन आठवडे ती हेच मनात धरून पुढचे व्हिडिओ बघत होती.

मग आम्ही अंगणातल्या झोक्याकडे वळलो. झोका टोकाला जातो तेव्हा त्याला माघारी ओढणारा जोर सर्वांत जास्त असतो, पण त्या क्षणी वेग शून्य असतो. तो मधून जातो तेव्हा वेग सर्वांत जास्त आणि जोर नाहीसा झालेला. इंडक्टरचेही तसेच. व्होल्टेजवरून करंट किती आहे ते कळत नाही, तो किती झपाट्याने बदलतो आहे ते कळते. म्हणून व्होल्टेज शिगेला असताना करंट शून्यातून जात असतो. तिने स्वतः दोन्ही आलेख एकाखाली एक काढले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. त्यानंतरची असाइनमेंट तिने एकटीने सोडवली.

यातले शास्त्र त्या व्हिडिओतही होते. आयआयटीच्या प्राध्यापकांनी ते नीटच सांगितले होते. पण व्हिडिओ पुढे सरकत राहतो. ऐकणाऱ्याच्या मनात काय चुकीचे बसले आहे, हे त्याला दिसत नाही. ते दिसण्यासाठी शेजारी माणूस लागतो, आणि तो त्याच विषयातला असावा लागतो.

माझा तंत्रज्ञानाला विरोध नाही, हे आवर्जून सांगते. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ इनसॅट-१बी उपग्रहावरून दूरदर्शनवर येऊ लागले, तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. वसतिगृहाच्या टीव्हीसमोर आम्ही मुली तो तास चुकवत नसू. पुणे विद्यापीठाच्या केंद्रातही त्यासाठी कार्यक्रम तयार होत. पाहिलेले पुष्कळसे आवडायचे, पण कार्यक्रम संपला की शंका विचारायला कोणी नसायचे, आणि भाषाही इंग्रजीच. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने एनपीटीईएल हा व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला, २०१७ मध्ये स्वयम आले. चित्र स्पष्ट झाले, वाटेल तेव्हा बघण्याची सोय झाली. एनपीटीईएलच्या काही कोर्सची मराठी भाषांतरेही आली. आमच्यासारख्या गावांतल्या मुलांना देशातले उत्तम प्राध्यापक फुकट ऐकायला मिळतात. एके काळी मला हे स्वप्नातही खरे वाटले नसते.

म्हणूनच हे सगळे वाया जाताना बघून जीव तुटतो. आयोगाने २०१६ मध्ये एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत आणि २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून मिळवण्याची मुभा दिली. मुभा चांगली आहे. पण महाविद्यालयांनी तिचा अर्थ असा लावला की तेवढा भाग आता मुलांनी आपापला बघून घ्यायचा. वेळापत्रकात त्याला जागा नाही. मुले एसटीच्या प्रवासात, घरकामातून सवड काढून, रात्री अंथरुणात मोबाइलवर, तेही दीडपट वेगाने व्हिडिओ बघतात.

खुद्द ज्यांनी अशी साधने घडवली, त्यांनी एकट्या शिकणाऱ्याचा किती विचार केला होता ते पाहावे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सॉफ्टवेअर शिकवणारे ‘स्पोकन ट्युटोरियल’ सुरू झाले. त्यातला धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. विद्यार्थ्याने एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडायचे, थांबवत थांबवत स्वतः करून बघायचे. धड्याची संहिता विषय अजिबात माहीत नसलेल्या नवख्याकडून तपासून घेतात. मराठीतला धडा लावला की पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहते, समजावणारा आवाज मराठी होतो. पुढे नोकरीत इंग्रजी पडद्यासमोरच बसायचे आहे, म्हणून मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते. त्याच संस्थेतल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी ऑनलाइन कोर्ससाठी जी पद्धत बसवली, तिच्यात व्हिडिओच्या मध्येच थांबायच्या जागा ठेवतात. इथे थांबा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे जा. आणि प्रा. दीपक फाटक यांनी देशभरच्या हजारो अध्यापकांना एकाच वेळी दूरस्थ प्रशिक्षण दिले, तेव्हा नुसते प्रक्षेपण करून ते थांबले नाहीत. जागोजागी केंद्रे होती आणि प्रत्येक केंद्रावर आधी तयार केलेला स्थानिक समन्वयक होता. शंका उलट दिशेनेही विचारता येत.

व्हर्च्युअल लॅबबद्दल, म्हणजे संगणकावर करायच्या प्रयोगांबद्दलही थोडे सांगते. आमच्या प्रयोगशाळेत एलसीआर सर्किटचा (इंडक्टर, कपॅसिटर आणि रेझिस्टन्स जोडलेल्या सर्किटचा) एक संच आणि त्याभोवती पाच मुले असायची. दोघे हात लावायचे, तिघे आकडे उतरवून घ्यायचे. संगणकावर प्रत्येकाला स्वतः रेझिस्टन्स वाढवून आलेखातले रेझोनन्सचे टोक (जिथे करंट सर्वांत जास्त होतो ते) कसे बसके होत जाते ते बघता येते. प्रत्यक्ष प्रयोगाच्या आदल्या दिवशी हे करून घ्यावे. प्रयोगाऐवजी मात्र नको. सैल झालेली वायर शोधून काढणे पडद्यावर शिकता येत नाही.

मी जे मागते आहे ते एवढेच. ज्या वर्गाला स्वयमचा कोर्स नेमला आहे, त्या वर्गाच्या वेळापत्रकात त्या कोर्ससाठी दर आठवड्याला एक तास ठेवावा. त्या तासाला विषयाचा शिक्षक असावा. त्याने व्हिडिओत शिकवलेले पुन्हा शिकवू नये. व्हिडिओचे नेमके दोन-तीन तुकडे लावावेत, थांबवावेत, मराठीत प्रश्न विचारावेत, मुलांना एकमेकांशी वाद घालू द्यावा. आणि हा तास त्याच्या वर्कलोडमध्ये, म्हणजे ठरलेल्या अध्यापनाच्या तासांत, धरावा. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. ऑनलाइन कोर्सचे मार्गदर्शन या मोजणीत येत नसेल, तर ते काम कोणी मनापासून करील अशी अपेक्षा कशी धरायची? कितीतरी विभाग सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या, शिक्षकांवर चालतात. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते, आणि ऑनलाइन कोर्स आला की आपला तास गेला अशी धास्ती त्यांना वाटते. ती निराधार नाही. नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुण शिक्षकाच्या पोटावर पाय देऊन आलेले तंत्रज्ञान त्या वर्गाचे भले करणार नाही. हाच तास त्याला दिला, तर स्वयमचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता तोच होईल. वर्कलोडचा निर्णय विद्यापीठ आणि शासनाच्या पातळीवर व्हायला हवा, हे मी जाणते. वेळापत्रकातला तास मात्र प्राचार्य या जुलैपासून लावू शकतात.

शेजारची मुलगी ती परीक्षा पास झाली. शनिवारी तिच्याबरोबर आणखी चौघी येऊ लागल्या होत्या. त्या बैठकांची टिपणे मी ठेवली आहेत. कोणत्या व्हिडिओत कुठे थांबलो, काय विचारले, मुली नेमक्या कुठे चुकल्या, कोणते उदाहरण दिल्यावर उमगले, हे सगळे मराठीत लिहिलेले आहे. दोन वह्या भरल्या आहेत. कोणा शिक्षकाला त्या उपयोगी पडणार असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी झेरॉक्स काढून पाठवीन.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
जि. सातारा