जुना म्हणून टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या गेम्सवरच्या आपल्या पुरवणीत सगळे नवेच गेम दिसले. २००२ चा 'मॉरोविंड' हा काल्पनिक जगात भटकायचा कॉम्प्युटर गेम आजही खेळण्याजोगा आहे, हे आवर्जून सांगते. यात पुढे कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. गेममधली माणसं वाटेच्या खुणा सांगतात, त्या रोजनिशीत उतरतात, वाट आपणच शोधायची. सुरुवातीला तलवार शत्रूच्या अंगाला लागलेली दिसते, तरी वार फुकट जातो. कौशल्य आणि दम कमी म्हणून. माझा लेक तिथेच वैतागला होता. धावत जाऊन लढू नकोस, आधी दम खा, म्हटलं. तिसऱ्या दिवशी गेममधल्या अजस्र किड्यावर बसून बाल्मोरा नावाच्या गावाला पोचला, तेव्हा मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं त्यानं! संवाद मात्र बहुतेक वाचावेच लागतात, तेही इंग्रजीत. वाचायचा कंटाळा असेल त्यानं घेऊ नये.

— एक गृहिणी, सातारा