लसूण बर्फाखाली आहे

मिनिॲपोलिस,
11 जानेवारी 2026

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

सांगायचं म्हणून तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तिळाच्या वड्यांवरच बोलत बसले. म्हणून हे पत्र. आम्ही हे घर विकत घेतलं. मंगळवारी सह्या झाल्या. आधी तुमच्या कानावर घालायला हवं होतं, कळतं मला. पण मालकांना विकायचंच होतं, दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, अथर्वची शाळा चालत जाण्याइतकी जवळ आणि हप्ता भाड्यापेक्षा थोडाच जास्त. बाबा, याचा अर्थ वाईला परत यायचं नाही असा काढू नका. घर उद्या विकताही येतं.

आई, खालची खोली तुमचीच. जिना चढायचा नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतोय, बसायला तू म्हणाली होतीस तसं स्टूलही आणलंय. खिडकीशी तुझी तुळस आणि कढीपत्ता. आत आणल्यावर कढीपत्त्यानं अर्धी पानं टाकली, मी घाबरले होते. आता शेंड्याला पोपटी फूट आहे.

बाबा, जाताना तुम्ही बजावलं होतंत, वाळकी झाडं कापून परस साफ कर. मी नाही कापली. रागावू नका, आधी ऐका. काल रात्री उणे 22 होतं, वारा अजिबात नाही. अशा रात्री हवेतल्या वाफेचं पाणी न होता एकदम हिमच होतं. आठला उजाडलं तर काडीन् काडीला पांढरे काटे फुटलेले. तुमचा इथे राहिलेला कोट घालून बाहेर गेले. कोनफ्लॉवरचं काळं बोंड, त्यावर दोन बोटं बर्फाची टोपी, आणि खाली देठाला नखाएवढ्या सुया, प्रत्येक सुईला आणखी बारीक दाते. नीट बघायला वाकले तर माझ्याच श्वासानं चार-पाच विरघळल्या. मग मफलर तोंडावर धरून बघत राहिले.

हायड्रेंजियाचे झुबके कागदासारखे वाळलेत, प्रत्येकाच्या तळहातावर बर्फ. कुंपणाजवळचा डॉगवूड उन्हाळ्यात पानांत दिसतही नव्हता, आता त्याच्या काड्या आईच्या कुंकवासारख्या लाल. बोंडातलं बी टिपायला चिकडी नावाची पाखरं येतात, मुठीत मावतील एवढी. ती बसली की बर्फाची टोपी खाली पडते. पोकळ देठांत रानमधमाश्या थंडी काढतात, म्हणून इथले जाणते बागवाले वसंतापर्यंत काही कापत नाहीत. तुमचं परस असं कधी बघितलं नाहीत तुम्ही, याचंच वाईट वाटतं.

आणि तुमचा लसूण. दर फोनला विचारता, कुजला का? नाही कुजणार, बाबा. ऑक्टोबरात विटांच्या कडेनं तुम्ही 40 पाकळ्या लावल्यात, वर काड पसरलंत, त्यावर आता दीड फूट बर्फ आहे. भुसभुशीत बर्फात बहुतेक हवाच असते, गोधडीत असते तशी. वर कितीही कडाका असो, खाली माती शून्याच्या आसपासच राहते. इथल्या लोकांना धास्ती असते ती बर्फ न पडता थंडी पडण्याची. शिवाय लसणाला थंडी लागतेच. ती मिळाली नाही तर पाकळ्या न फुटता नुसता एक गोळा होतो.

आठवतं, मी दुसरीत होते, तुम्ही पहाटे उठवून स्कूटरवर पसरणी घाटातून वेण्णा तलावावर नेलंत? जीपच्या टपावरचं हिम नखानं खरवडून माझ्या हातावर ठेवलंत. ते घरापर्यंत न्यायचं म्हणून मी मूठ मिटून बसले, आणि पाचगणी यायच्या आत रडायला लागले. आईनं पदरानं हात पुसला होता. काल अथर्वच्या हातावर तसंच ठेवलं. ते वितळेपर्यंत तो बघत राहिला आणि म्हणाला, अजून दे.

आता माझं ऐकायचं. बाबा, अंगणात ऊन आल्याशिवाय फिरायला निघायचं नाही, आणि कानटोपी घालूनच. गच्चीवर बादल्या न्यायच्या नाहीत. पाइप घेऊन दिलाय तो वापरा. बीपीची गोळी चहाआधी की नंतर यावर वाद नको, डॉक्टरांनी लिहिलंय तशीच. आई, मोतीबिंदूला आता सबब चालणार नाही. मी 9 फेब्रुवारीला दोन आठवडे येतेय, तिकीट काढलंय, त्यातलीच तारीख घे. डोळ्यांत थेंब मी घालीन.

थंडीत तुम्ही इथे येऊ नका, पायऱ्यांवर बर्फ गोठतो आणि मला रात्री झोप लागणार नाही. मे संपता संपता या. जूनमध्ये लसणाचे दांडे गोल वळतात, ते कापले की गड्डा पोसतो. ते तुमच्याच हातानं होऊ दे, बाबा.

तुमची,
मनू

ता. क. दोन दिवस रागवा हवं तर. पण बुधवारी संक्रांतीचा फोन तुम्हीच उचला, आईकडे देऊ नका.